पहिली सेमी-ऑटो रायफल: .२२३, .३०८ की ७.६२ बाय ३९? बजेट १५०० डॉलर

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, राम राम.
ऑस्टिनच्या बाहेर राहतो, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. ऑफिसातल्या एका मित्राची लानोच्या बाजूला रँच आहे, तिथे मोकाट डुकरांनी अक्षरशः उच्छाद मांडलाय, एका रात्रीत अख्खं कुरण नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. तो म्हणतो ये, रायफल घे, मदत कर. एरवी शनिवारी-रविवारी रेंजवर जायचं, आणि बायकोलाही शिकायचंय.

तर प्रश्न असा की सेमी-ऑटोच (दर ट्रिगरला एक गोळी, पुढची आपोआप चढते) घ्यायची हे ठरलंय, पण कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, ठरत नाही. दुकानदार .३०८ ची एआर-१० गळ्यात मारायला बघतोय, मित्र म्हणतो .२२३ पुरते, आणि एक जुना शेजारी ७.६२ बाय ३९ शिवाय बोलतच नाही. बजेट सगळं मिळून १५०० डॉलर. परफॉर्मन्स हवा आणि खर्चही झेपला पाहिजे. अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

पाटीलभाऊ
.२२३. संपला विषय.

सह्यकडा
पाटीलभाऊंचं उत्तर बरोबर आहे पण कारणं लिहितो, कारण गोदाकाठ यांच्यासारखे बरेच जण पहिल्यांदा घेताना रायफलची किंमत बघतात आणि गोळ्यांची बघत नाहीत.

रायफल एकदाच घ्यायची असते. गोळ्या दर महिन्याला. समजा तुम्ही महिन्याला २०० राउंड उडवता, ज्याला शिकायचंय त्याने एवढे उडवायलाच हवेत. .२२३ ची साधी पितळी केसवाली, म्हणजे पितळी कवचाची, ५५ ग्रेन वजनाची गोळी साधारण ५० सेंटला पडते, म्हणजे महिन्याचे १०० डॉलर, वर्षाचे १२००. .३०८ ची तशीच साधी गोळी डॉलरच्या आसपास, म्हणजे वर्षाला २४००. दोन वर्षांत फरकाच्या पैशात चांगली दुसरी रायफल आणि वर स्कोप येतो. आणि होतं काय की गोळी महाग म्हटल्यावर माणूस रेंजवर जाणंच कमी करतो, नेम आहे तिथेच राहतो, आणि मग ती तगडी रायफल काय कामाची.

ताकदीचं म्हणाल तर बॅरलच्या तोंडाशी .२२३ ची ५५ ग्रेन गोळी साधारण १२८० फूट-पाउंड ऊर्जा देते, ७.६२ बाय ३९ ची १२३ ग्रेन १५०० च्या आसपास, .३०८ ची १५० ग्रेन २६५० च्या आसपास. म्हणजे .३०८ सरळ दुप्पट. पण तुमचं डुक्कर फीडरपाशी (चारा टाकणाऱ्या यंत्रापाशी) किती लांब उभं असणारे? शंभर यार्ड? दीडशे? तेवढ्यात .२२३ योग्य गोळीने काम करते. ३०० यार्डांच्या पुढे हरीण मारायचं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

मीनल_ह्यूस्टन
सगळ्यात आधी एक महत्त्वाचं, जे धाग्यात अजून कुणीच लिहिलं नाही. गोदाकाठ यांचं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक, पण हा धागा एच-१बी आणि एफ-१ वालेही वाचत असतील. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, आणि बाळगणे म्हणजे फक्त विकत घेणे नाही, मित्राची रेंजवर हातात घेणंसुद्धा त्यात येतं. सूट काही मोजक्याच आहेत, त्यातली आपल्या लोकांना लागू होणारी म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. दुकानात ४४७३ चा फॉर्म भरताना हे विचारतात. रेंजवर कुणी विचारलं नाही म्हणजे चालतं असं नाही. व्हिसाच्या भानगडीत हे प्रकरण अंगाशी येऊ शकतं.

गोदाकाठ
मीनलताई, खूप महत्त्वाचं सांगितलंत, आभार. माझ्या ग्रुपमधल्या दोघांना आत्ताच लिंक पाठवली.

सह्यकडा, योग्य गोळीने म्हणजे? गोळी गोळीत फरक असतो का एवढा?

सह्यकडा
प्रचंड असतो. रेंजवर उडवायची ती फुल मेटल जॅकेट (कडक धातूच्या आवरणाची), स्वस्त. ती डुकरावर वापरायची नाही. ती आरपार निघून जाते, जनावर जखमी होऊन झाडीत शिरतं आणि तिथे तासन् तास तडफडतं, हे बघवत नाही आणि करूही नये. शिकारीसाठी बॉन्डेड सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची) किंवा पूर्ण तांब्याची गोळी घ्यायची, ५५ ते ६४ ग्रेन. या महाग असतात, दीड-दोन डॉलरपर्यंत एक, पण त्या लागतात किती? वर्षाला दोन-तीन डबे. सरावाचा खर्च आणि शिकारीचा खर्च वेगवेगळा धरा म्हणजे हिशोब नीट बसतो.

आणि जागा. मोठ्या बोअरच्या (नर डुकराच्या) खांद्यावर जाड ढालीसारखी कातडी असते. कानामागे मारायचं, तिथे .२२३ नी जागच्या जागी बसतं. कानामागे नेम धरता येत नसेल तर तो शॉट सोडून द्यायचा.

बारामतीकर
मी थोडा असहमत. माझ्याकडे .३०८ ची एआर-१० आहे, ओक्लाहोमात डुकरांवर वापरतो. कानामागे कानामागे म्हणणं सोपं आहे, रात्री थर्मल (उष्णतेवरून दाखवणाऱ्या) स्कोपमधून बारा-पंधरा डुकरांचा कळप पळायला लागला की कोण कानामागे मारतोय. खांद्यात .३०८ बसली तर बसली, मागोवा घेत फिरावं लागत नाही. खर्च जास्त आहे मान्य, पण रायफल शिकारीसाठी घेत असाल तर शिकारीच्या वेळी काय होतं ते बघा.

बाकी दोन गोष्टी मात्र खऱ्या सांगतो. एक, वजन. .२२३ ची एआर-१५ रिकामी तीन किलोच्या आसपास असते, एआर-१० चार-सव्वाचार, त्यावर स्कोप चढवला की पाचकडे जाते. दोन, एआर-१० मध्ये एकच ठरलेलं माप नाही. एआर-१५ चे पार्ट्स एका कंपनीचे दुसरीला बसतात, एआर-१० मध्ये डीपीएमएस कंपनीचा पॅटर्न वेगळा, आर्मालाइट कंपनीचा वेगळा, मॅगझिनपासून फरक. घेण्याआधी बघून घ्या.

सह्यकडा
बारामतीकर, कळप पळायला लागल्यावरचा मुद्दा बरोबर आहे, नाकारत नाही. पण पळत्या डुकरावर पहिल्याच वर्षी कुणी मारू नये असं माझं ठाम मत, .३०८ असली तरी. मागे काय आहे ते रात्री दिसत नाही, रँचवर गुरं असतात, लांबवर घर असतं.

बारामतीकर
याला मात्र पूर्ण अनुमोदन.

अण्णा_फिलाडेल्फिया
७.६२ बाय ३९ बद्दल लिहितो, कारण शेजारी तेच म्हणतोय. शेजाऱ्याच्या काळात ते खरंच होतं. रशियन स्टील केसवाली गोळी एकेकाळी इतकी स्वस्त होती की लोक हजार-हजाराच्या पेट्या उचलायचे, आणि एसकेएस ही त्या गोळीची जुनी रायफल दोन-तीनशेत मिळायची. २०२१ च्या सप्टेंबरपासून रशियन गोळ्यांच्या आयातीवर निर्बंध आले आणि स्वस्ताईचं मुख्य कारणच संपलं. आता .२२३ पेक्षा स्वस्त नाही, बऱ्याचदा महागच. एसकेएसचेही दिवस गेले, आता एसकेएस घ्यायच्या पैशात बरी एआर-१५ येते. कॅलिबर वाईट नाही, दीडशे यार्डांपर्यंत डुकराला छान, पण "स्वस्त म्हणून घे" हा सल्ला जुना झाला.

रच्याकने आमच्या पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटो रायफल चालतच नाही. माझी एआर फक्त रेंजवर आणि कायोटीसाठी (कोल्ह्यासारखं जनावर).

कट्टाकार
पुण्यातून वाचतोय. इथे अशी रायफल मिळते का हो? आमच्या मावळातल्या शेतात रानडुकरांचा असाच त्रास आहे.

अण्णा_फिलाडेल्फिया
नाही मिळत. भारतात सेमी-ऑटो रायफल प्रतिबंधित वर्गात येते, सामान्य माणसाला लायसन्स मिळत नाही. बोल्ट ॲक्शन .३१५ मिळू शकते, तेही जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून लायसन्स मिळालं तर, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं. शिवाय लायसन्स असलं तरी रानडुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते, १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे. शेताच्या नुकसानीचे पंचनामे वेळेवर करून घ्या, भरपाईचा मार्ग आहे.

कट्टाकार
धन्यवाद काका. पंचनाम्याचा अनुभव वेगळा धागा काढण्याइतका आहे.

कोल्हापुरी_नेम
गोदाकाठ, वहिनींना शिकायचंय म्हणालात त्यावर कुणीच बोललं नाही! सेंटरफायरच्या (.२२३ सारख्या मोठ्या गोळीच्या) आधी .२२ एलआर ही छोटी गोळी घ्या. रुगर १०/२२, १९६४ पासून बनतेय, सेमी-ऑटोच आहे, दहा राउंडचं गोल फिरतं मॅगझिन, साडेतीनशे डॉलरच्या आत-बाहेर. गोळी सात-आठ सेंट. महिन्याला २०० उडवल्या तरी १४-१६ डॉलर. धक्का नाही, आवाज कमी, आणि धक्क्याच्या भीतीने डोळे मिटायची सवय लागत नाही. ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही, क्लबमध्ये नव्या लोकांचं बघते मी रोज.

आपल्या स्वप्नील कुसाळेनी २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं ते .२२ वरच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा! ती रायफल सिंगल शॉट आणि फार वेगळ्या दर्जाची असते, तुलना नाही, पण श्वास, ट्रिगर, उभं राहणं, सगळं .२२ वरच बसतं.

चिंगी
कोल्हापुरी_नेम +१००. मी आणि नवरा दोघंही १०/२२ वर शिकलो. आता एआर असली तरी रेंजवर निम्मा वेळ .२२ च चालते.

पण टेक्सासमध्ये हरणासाठी .२२ रिमफायर, म्हणजे हीच .२२ एलआर, कायद्याने चालत नाही हे लक्षात ठेवा. आणि मोठ्या डुकरावर ती वापरणं म्हणजे क्रूरपणा, १३०-१४० फूट-पाउंडची गोळी आहे ती.

मीरा_ओहायो
वेगळ्या सुरात लिहिते, राग मानू नका. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असलेल्या किती जणांनी या धाग्यात लॉकबद्दल लिहिलं? कॅलिबर, ग्रेन, यार्ड सगळं आलं, तिजोरी कुठेच नाही. माझ्या मुलीच्या शाळेत वर्षातून कितीतरी वेळा लॉकडाऊन ड्रिल होतं, ती घरी येऊन सांगते की आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो. मला हे शस्त्र घरात नकोच आहे, पण घेणाऱ्याला मी थांबवू शकत नाही, तर निदान नीट तरी ठेवा.

गोदाकाठ
मीराताई, राग कसला. मुलगा सहा वर्षांचा आहे. १५०० मध्ये तिजोरी धरलेली नव्हती हे खरं, आता धरतो.

मीनल_ह्यूस्टन
मीराशी सहमत आणि मी बंदूक बाळगणारी आहे. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा गुन्हा आहे. रायफलची तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करायची, गोळ्या वेगळ्या कुलपात. मुलापासून लपवून ठेवलीय यावर विसंबू नका, मुलं घर आपल्यापेक्षा चांगलं ओळखतात.

भटक्या_७८
.३०० ब्लॅकआउट कुणी बोललं नाही? तीच एआर, तेच मॅगझिन, तोच बोल्ट, फक्त बॅरल बदलायचं. डुकरांसाठीच बनलंय म्हणा ना.

सह्यकडा
चांगलं आहे पण पहिली रायफल म्हणून नको. गोळी .२२३ पेक्षा बरीच महाग. आणि मोठा धोका: .३०० ब्लॅकआउटची गोळी .२२३ च्या रायफलमध्ये चढू शकते, आणि तशी उडवली तर रायफल फुटते. मॅगझिन एकच असल्यामुळे हे घडतं. दोन्ही ठेवणारे लोक मॅगझिनना वेगळे रंगीत पट्टे लावतात आणि तरीही दोन्ही एका दिवशी रेंजवर नेत नाहीत. नव्या माणसाच्या घरात एकच सेंटरफायर कॅलिबर असावं.

पाटीलभाऊ
६.५ क्रीडमूर पण येणार आता बघा :)

बारामतीकर
येणारच! २००७ ला आलं, लांबच्या टार्गेटला .३०८ पेक्षा सरस, वारा कमी लागतो, धक्काही कमी. पण गोळी डॉलरच्या वर, आणि अचूक बॅरल अडीच-तीन हजार राउंडांत थकतं. .२२३ चं क्रोम लाइन्ड (आतून क्रोमचा मुलामा दिलेलं) बॅरल कितीतरी जास्त टिकतं. सहाशे यार्डांची रेंज जवळ असेल तर ठीक, ऑस्टिनजवळच्या शंभर यार्डांच्या रेंजवर त्याचं काय कौतुक.

मीरा_ओहायो
आमच्याकडे ओहायोत हरणासाठी रायफल वापरायची तर सरळ भिंतीच्या केसचीच (तोंडाशी निमुळतं न होणाऱ्या कवचाची) गोळी लागते, म्हणून शेजारी .३५० लेजंड वापरतात, २०१९ ला आलेली. मला यात रस नाही पण कानावर पडतं. सांगायचं एवढंच की टेक्सासचा सल्ला दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लागू नाही.

अण्णा_फिलाडेल्फिया
अगदी. व्हर्जिनियात हरणाला .२३ किंवा त्याहून मोठं कॅलिबर लागतं, म्हणजे .२२३ बाद. कोलोरॅडोत .२४ च्या खाली नाही, आणि सेमी-ऑटो असेल तर मॅगझिन आणि चेंबर मिळून सहाच राउंड. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टनमध्ये तर एआर घेण्यावरच बंदी किंवा कडक अटी. उद्या नोकरी बदलून त्या राज्यात जायचं असेल तर आत्ताच विचार करा. तेवढ्यासाठी मिनी-१४ ही रायफल बरी पडते, दिसायला जुन्या लाकडी दस्त्याची, .२२३ च, काही राज्यांत एआर चालत नाही तिथे ती चालते. पण किंमत हजाराच्या वर.

गोदाकाठ
मंडळी, .२२३ वर मन बसतंय. पण दुकानात .२२३, ५.५६ आणि .२२३ वाइल्ड अशा तीन पाट्या दिसल्या. एकच ना?

सह्यकडा
बाहेरून गोळी सारखीच दिसते, चेंबर (बॅरलमधली गोळी बसायची जागा) वेगळं. ५.५६ नाटो चेंबरमध्ये गोळीच्या पुढची जागा थोडी लांब असते. म्हणून ५.५६ ची रायफल दोन्ही गोळ्या खाते, पण फक्त .२२३ असं कोरलेल्या बॅरलमध्ये ५.५६ घातली तर प्रेशर वाढू शकतं, ते टाळायचं. वाइल्ड हे मधलं चेंबर, दोन्ही चालतात आणि अचूकताही चांगली मिळते. बॅरलवर काय कोरलंय ते वाचा, डब्यावरचं किंवा दुकानदाराचं नको.

ट्विस्ट (बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ) १:८ घ्या, ५५ पासून ७७ ग्रेनपर्यंत सगळं चालतं. बॅरल १६ इंच, त्याच्या खाली गेलात तर फेडरल नोंदणीची वेगळी भानगड. गॅस सिस्टीम (उडालेल्या गोळीच्या वायूने पुढची गोळी चढवणारी यंत्रणा) मिड-लेंग्थ मिळाली तर उत्तम, धक्का मऊ लागतो, वहिनींना आवडेल. आणि बोल्टला तेल. एआर मळकी चालते पण कोरडी चालत नाही, नवे लोक पुसून पुसून कोरडी ठेवतात आणि मग अडकते म्हणून रायफलला शिव्या घालतात.

चिंगी
हिरव्या टोकाची एम ८५५ गोळी स्वस्त दिसली म्हणून पेटी उचलू नका. आत स्टीलचा तुकडा असतो, बऱ्याच रेंज ती चालू देत नाहीत, दारातच चुंबक लावून बघतात.

आणि कानांचं. सेंटरफायर रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, छप्पर असलेल्या रेंजवर जास्तच जाणवतो. आत फोमचे बोळे आणि वर मफ, दोन्ही. सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा फेडरल टॅक्स २०२६ च्या १ जानेवारीपासून शून्य झालाय, फॉर्म आणि मंजुरी मात्र लागतेच.

वऱ्हाडी
डुक्कर मारल्यावर साफ करताना ग्लोव्ह्ज घाला बाप्पा! ब्रुसेलोसिस होते त्यातून, महिनोन्महिने ताप जात नाही. मटण पूर्ण शिजवायचं, १६० फॅरेनहाइटच्या खाली नको. सावजी मसाल्यात दोन तास रटरट शिजवलं की प्रश्नच नाही. कोवळी मादी खायला चांगली, मोठा बोअर वास मारतो.

मीनल_ह्यूस्टन
वऱ्हाडी, रेसिपीचा वेगळा धागा हवाच!

गोदाकाठ, खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने मोकाट डुकरं मारायला टेक्सासमध्ये २०१९ पासून हंटिंग लायसन्स लागत नाही. हरणाला लागतं, आणि १९७१ च्या २ सप्टेंबरला किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही. सल्ला असा की कोर्स तसाही कराच, दोघांनी.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. असं जुळवतोय: .२२३ वाइल्डची १६ इंची एआर-१५ साधारण ६५०, १०/२२ सध्या नाही, तिजोरी ३००, स्कोप २५०, कान-डोळ्यांचं सामान आणि गोळ्या ३००. बरोबर १५००.

कोल्हापुरी_नेम
उलट करा ना! १०/२२ साडेतीनशे, तिजोरी ३००, कानाचं सामान आणि .२२ च्या हजार गोळ्या दीडशेत. आठशे झाले. उरलेले सातशे बाजूला ठेवा, चार-सहा महिने दोघं मिळून .२२ वर हात बसवा, मग एआर घ्या. तोपर्यंत रँचवर मित्राच्या रायफलीने, तो शेजारी उभा असताना. डुकरं कुठे जात नाहीत.

बारामतीकर
हे सगळ्यात शहाणं उत्तर आहे, .३०८ वाला असून म्हणतो.

गोदाकाठ
बायकोनी हा प्रतिसाद वाचला आणि निकाल लागला. १०/२२ आणि तिजोरी या शनिवारी. एक शेवटचं, पुढे एआर आल्यावर गोळी कुठल्या ब्रँडची घेऊ? पेटीच घेतो, स्वस्त पडते.

सह्यकडा
पेटी लगेच नको. तीन-चार वेगवेगळ्या गोळ्यांचा एकेक डबा आणा, ५५, ६२, ७७ ग्रेन असे. शंभर यार्डांवर टेबलावर टेकून प्रत्येकीचे पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचे पुंजके) काढा, मध्ये बॅरल थंड होऊ द्या. एकाच कंपनीच्या दोन रायफलींनासुद्धा वेगळी गोळी मानवते. जी ग्रुप घट्ट देते आणि एकदाही अडकत नाही तिची पेटी घ्या, आणि शिकारीची गोळी तितक्याच वजनाची निवडा म्हणजे झीरो (स्कोप आणि गोळी जिथे जुळवलेत तो नेम) फार हलणार नाही. तरी रँचवर जाण्याआधी शिकारीच्या गोळीनेच झीरो परत तपासा.

वऱ्हाडी
वाचनखूण साठवली.

गोदाकाठ
साठवली मीही. एआर आली की टार्गेटचे फोटो इथेच टाकतो.